परवा या

माझ्या नणंदेला वस्तीत कुणी नावाने हाक मारत नाही. सगळ्यांची ती परवाताई. सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीमागे तिने एकतीस वर्षं काढली, आणि औषध संपलेलं असलं तरी 'नाही' हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. "परवा या," एवढंच म्हणायची. आजारी माणसाला तोंडावर नाही म्हणणं तिला जमायचंच नाही. परवा आलेल्याला कधी औषध मिळायचं, कधी आणखी एक परवा.

आमचे हे त्यावरून तिची थट्टा करतात. "लग्नाच्या मागण्या आल्या तेव्हाही ताई हेच म्हणाली. परवा सांगते. ती माणसं अजून कुठेतरी वाट बघत बसली असतील."

"बसू देत," ताई म्हणते. "त्यांतल्या एकाची तरी प्रकृती रांगेत उभं राहण्याइतकी होती का?"

ती खिडकी म्हणजे हातभर रुंद आणि वीतभर उंच भोक होतं. बाहेरच्याला वाकावं लागायचं, आणि आत उंच स्टुलावर बसलेल्या ताईला फक्त हात दिसायचे. त्यामुळे तिने माणसं हातांवरून लक्षात ठेवली. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने ती रस्त्याने लोकांच्या हातांकडे बघत चालायची. एकदा भाजीवाल्याने पिशवी पुढे केली, तर ही त्याच्या अर्ध्या तुटलेल्या नखाकडे बघून म्हणाली, "साखर आटोक्यात आहे का हो?" तो चाटच पडला. मग आवाज ओळखून हसला. "ताई, तुमचा चेहरा असा असतो होय?"

ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या पुड्यांवर ती सकाळसाठी सूर्य काढायची आणि रात्रीसाठी चंद्र. एका आजोबांनी तीन रात्री गोळी घेतली नाही. का, तर आभाळ भरलेलं होतं, चंद्र दिसला नाही. तेव्हापासून ती चंद्राऐवजी अंथरूण काढू लागली.

आणि तिची नोंदवही. तारीख, रुग्णाचा क्रमांक, औषध, किती दिलं, सही. पट्टीने आखलेल्या लाल रेघा, खाडाखोड म्हणून नाही. निवृत्तीच्या दिवशी तिला प्रमाणपत्र मिळालं: एकतीस वर्षांत एकही तक्रार नाही. ह्यांनी ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलं. ताईने नको नको म्हटलं, पण तिच्या खोलीतून बाहेर येताना समोर दिसेल अशाच भिंतीवर खिळा ठोकायला सांगितला.

आमच्या इमारतीखाली इस्त्रीचं छोटं दुकान आहे. बाई आणि त्यांची एकोणीस वर्षांची लेक, दोघी चालवतात. बाईंचा उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही, म्हणून जड इस्त्री लेकीकडे आणि घड्या बाईंकडे. लेकीला लहानपणापासून फिट येते. दिवसातून दोनदा गोळी घेतली की काही होत नाही. चुकली की कधी काय होईल सांगता येत नाही, आणि डॉक्टरांनी बजावलंय की गोळ्या नेमाने चालू असतील तरच इस्त्रीला हात लावायचा.

गेल्या वर्षी एका सकाळी कपडे द्यायला ताई खाली गेली, तर बाई दवाखान्याची चिठ्ठी हातात धरून उभ्या होत्या. गोळीच्या नावापुढे लाल पेनाने लिहिलं होतं: बाहेरून घ्या.

"परवा परत जा," ताई सवयीने म्हणाली.

"परवा नाही ताई, आता कधीच नाही. यादीतून काढली म्हणतात."

ताई कपडे तिथेच ठेवून सरळ दवाखान्यात गेली. तिच्या जागी आलेली मुलगी नम्र आहे. तिने नवी यादी काढून दाखवली. फुकट मिळणाऱ्या औषधांत फिटची ती गोळी खरंच नव्हती. तीन वर्षांनी यादी पुन्हा ठरणार, आणि कुणाला काही सांगायचं असेल तर दोन महिन्यांनी समितीपुढे सुनावणी.

त्या दोन महिन्यांत आमच्या घराचं कार्यालय झालं. अर्ज मी लिहिला. कॉलेजात मला निबंधाला बक्षीस मिळालं होतं, त्याचा इतक्या वर्षांनी काही उपयोग होईल असं वाटलं. ताईने वाचून पेन्सिलीने निम्मा कापला. "विशेषणं काढ. साहेब लोक विशेषणं वाचत नाहीत." उरलं ते एवढंच: दवाखान्याने लिहिलेलं औषध दवाखान्याच्याच खिडकीवर मिळावं, प्रत्येकाला, कुठलाही दाखला न मागता. आणि फिटच्या गोळ्या यादीत परत घ्याव्यात.

आम्ही दोघी दारोदार सह्या मागत फिरलो. मी दोन वाक्यांत थकायचे. ताईचं मात्र प्रत्येक दारात नव्याने सुरू व्हायचं. "डॉक्टर फुकट तपासतो, चिठ्ठी फुकट मिळते, आणि चिठ्ठीवरचं औषध तेवढं ज्याचं त्याने बघायचं. मग तपासलं कशाला? आजाराचं नाव कळावं म्हणून?"

लोक मान डोलवायचे आणि पेन बघून मागे सरकायचे. "खिडकीवाले नाव लक्षात ठेवतील," एक जण म्हणाला.

"खिडकीवाली मीच होते," ताई म्हणाली. "मला कुणाचं नाव आठवत नाही. हात दाखवा, मग सांगते."

इस्त्रीवाल्या लेकीने पहिली सही केली, तीही टोमणा मारून. "ताई, आत होतात तेव्हा परवा म्हणायचात. बाहेर आल्यावर आजच हवं झालं होय?"

"ए, कॉलर नीट दाब," ताई म्हणाली. 

दरम्यान आम्ही लेकीच्या गोळ्या आणून दिल्या. पहिल्या महिन्यात बाईंनी मान खाली घालून घेतल्या. दुसऱ्या महिन्यात पुडा जसाच्या तसा इस्त्री केलेल्या चादरींवर ठेवून वर पाठवला. मी खाली गेले तर म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका. सहा महिने घेईन, वर्षभर घेईन. पुढे तुमच्या दारातून जाताना मला मान वर करता यायची नाही. आणि तुम्ही तरी किती जणांना पुरे पडणार?" त्या जमेल तशा गोळ्या आणत राहिल्या. जमेल तशा म्हणजे कधी दोन्ही वेळच्या, कधी फक्त रात्रीच्या.

ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं. आपण दिलं की ते उपकार होतात. खिडकीवर मिळालं की नुसतं औषध असतं."

सुनावणी तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. आजारी माणसांचं म्हणणं ऐकायला ही जागा कुणी निवडली देव जाणे. आमच्यासोबत यायला चौदा जण तयार होते, वर पोचले सहा. दम्याचे एक गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून म्हणाले, "माझं म्हणणं इथेच लिहून घ्या. त्यात जिनाही घाला."

आतले अधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं, सहाशे बारा सह्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला. ताईने मुद्दे मांडले. तिचा आवाज जराही हलला नाही. मला वाटलं, झालं. आता हे काम होणार.

मग त्यांनी एक कागद पुढे घेतला. "ताई, यादी आम्ही मनाने करत नाही. दवाखान्याच्या नोंदवह्यांवरून मागणी काढतो. तुमच्या दवाखान्यात या गोळीची मागणी दरवर्षी कमी होत गेलीय. तुमच्या शेवटच्या दोन वर्षांत तर जवळजवळ नाहीच."

"मागणी नव्हती असं नाही. गोळ्याच येत नव्हत्या."

"मग परत गेलेल्यांची नोंद?"

 त्यांनी नोंदवहीच्या पानांच्या प्रती तिच्यापुढे सरकवल्या. लाल रेघा काळ्या झाल्या होत्या, अक्षर तेच होतं.

"हे तुमचंच अक्षर ना?"

"माझंच."

"निवृत्तीपर्यंत एकही माणूस रिकाम्या हाताने परत गेल्याचं यात दिसत नाही."

"वहीत दिलेलं लिहायचं असतं," ताई हळू म्हणाली. "न दिलेलं कुठे लिहायचं? तसा रकानाच नाही. मी त्यांना परवा या म्हणायचे."

"किती जणांना म्हणालात?"

"मोजले नाहीत."

"मग मी काय लिहू, सांगा." त्यांनी हे खरंच विचारलं होतं. पेन उघडून हातात धरलेलं होतं. ताईने सांगितलं असतं तर त्यांनी लिहिलं असतं. ती मात्र त्या प्रतींकडे बघत राहिली, आणि मी तिच्या शेजारी बसून टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे. आमच्या मागे बसलेल्या इस्त्रीवाल्या बाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे गोळी मिळणार नाही का?"

"पुढच्या यादीच्या वेळी विचार करू," ते म्हणाले. पुढची यादी तीन वर्षांनी.

उतरताना ताई एकेका पायरीवर थांबत होती. हे घरी म्हणाले, "तू कशाला मनाला लावून घेतेस? रकाना नव्हता तर तू काय करणार होतीस?"

"समासात लिहिता आलं असतं," ताई म्हणाली. "पट्टीने आखून तेवढी जागा सोडली होती. वही खराब दिसेल म्हणून लिहिलं नाही."

 प्रमाणपत्राखाली बसूनच ती हे बोलत होती, पण वर बघितलं नाही. मी ते काढून ठेवावं का, या विचारात राहिले आणि शेवटी काढलं नाही. काढलं असतं तर ते तिला बोलल्यासारखंच झालं असतं.

दुसऱ्या आठवड्यापासून ताई सकाळी दवाखान्याच्या खिडकीबाहेर वही घेऊन उभी राहू लागली. परत जाणाऱ्याला थांबवून विचारायची: कुठलं औषध, किती दिवसांचं. पहिल्या दिवशी अठरा जणांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी नऊ. एक म्हातारा वैतागून म्हणाला, "बाई, मला औषध हवंय. नोंद घेऊन घरी जाऊन काय करू, पाण्याबरोबर गिळू?" खिडकीतली मुलगी रांग ओसरल्यावर बाहेर आली. "ताई, तुम्ही इथे उभ्या राहता ना, वरून मला फोन येतात. मी अजून कायम झालेली नाही." ताईने समितीला विचारून घेतलं. उत्तर दोन ओळींचं आलं: खाजगी वहीतील नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत. त्या मुलीची नोकरी जाऊ नये म्हणून ताईने खिडकीपासून दूर, फाटकाशी उभं राहायला सुरुवात केली. तिथे लोक घाईत असतात, थांबत नाहीत.

त्यानंतर महिन्याभराने, भर दुपारी, इस्त्रीच्या दुकानातून बाईंची हाक आली. मी धावत खाली पोचले तोवर फिट ओसरत आली होती. लेक जमिनीवर कुशीवर होती. इस्त्री तिच्या हातातून सुटली होती, पण सुटायच्या आधी डाव्या हातावर, मनगटापासून कोपराच्या जवळपर्यंत टेकली होती. त्या दिवशी सकाळची गोळी नव्हती, आदल्या दिवशीचीही नव्हती. बाई इस्त्रीचं बटण बंद करत होत्या. ते आधीच बंद केलेलं होतं, तरी पुन्हा पुन्हा दाबत होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम बांधली आणि चिठ्ठीवर दोन औषधं लिहिली. ताईने चिठ्ठी खिडकीत सरकवली. पहिलं भाजल्याचं मलम होतं. ते लगेच मिळालं. मुलीने वही उघडली, क्रमांक लिहिला, मलम, एक नळी, सही. दुसरं औषध फिटची गोळी. तिच्यापुढे तिने लाल पेनाने दोन शब्द लिहिले आणि चिठ्ठी परत केली.

"मलमाच्या ओळीपुढे समासात लिहिशील का," ताईने विचारलं, "की दुसरं मागितलं होतं, मिळालं नाही?"

"ताई, वही आता छापील येते. समास नसतो."

ताई वाकून त्या भोकातून आत बघत होती. आतून त्या मुलीला तिचे फक्त हात दिसत असणार. मग मागच्या माणसाला जागा हवी म्हणून ती बाजूला झाली.

दुकानात कपड्यांचा ढीग तसाच होता. लेक स्टुलावर, बांधलेला हात मांडीवर घेऊन. गोळ्या मीच वाटेत घेतल्या होत्या. या वेळी बाई नको म्हणाल्या नाहीत, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. ताईने पदर खोचला आणि इस्त्री हातात घेतली. "तुमचा खांदा दुखतो, बसा तुम्ही. मी करते आज."

ताईने जन्मात इस्त्री केलेली नव्हती. घरात तिचेही कपडे याच दुकानात यायचे. तिने एक शर्ट दहा मिनिटं घासला. पुढून सरळ झाला की मागून चुरगळायचा, बाहीवर दोन दोन रेघा उठल्या. लेक बघत होती. एरवी तिने दहा टोमणे मारले असते.

"ताई, राहू द्या," बाई शेवटी म्हणाल्या. "गिऱ्हाईक परत पाठवेल."

"एवढा एक तर होऊ दे."

ताईने शर्ट कसाबसा घडी करून ठेवला आणि दुसरा घ्यायला वळली. बाईंनी डाव्या हाताने उजवा खांदा धरला, आवाज न करता तो पहिला शर्ट उलगडला, पाणी शिंपडलं, आणि ताईने इस्त्री खाली ठेवायची वाट बघत उभ्या राहिल्या.