चादरीखालचा सौदा

आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलायची भयंकर हौस. मार्केट यार्डात आयुष्यभर गुळाची अडत केलेला माणूस. चहा जरा गोड झालाय एवढं सांगायलाही त्यांना पाच वाक्यं लागतात. अशा माणसाच्या घशात न्यूमोनियामुळे नळी घालावी लागली. तेव्हापासून बाजारात शांतता आहे, असं उत्तरेश्वरकाका ज्याला त्याला सांगत होते. स्वतः काका कधी गप्प बसल्याचा पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता.

काकांचा गाळा तात्यांच्या समोरच. धंद्यात दोघे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी, बाहेर जिवलग. पूर्वी त्यांच्यात गुळाचा भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांनी हात धरायचे, वरून रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. भोवतीच्यांना पत्ता लागायचा नाही. पुढे बोली उघड झाली, रुमाल गेला, पण यांची खोड गेली नाही. बिबवेवाडीला आमच्या घरी मिसळीत तर्री किती घ्यायची, हेही दोघं टेबलाखाली ठरवायचे. लहानपणी मी मध्ये हात घातला की तात्या म्हणायचे, "पूर्वा, हे धंद्याचं आहे. तू अभ्यास कर." केला अभ्यास. हडपसरला कंपनीत नोकरी लागली. तरी तो रुमाल मनातून गेला नाही.

तात्या आयसीयूत शुद्धीवर आले, तेव्हा वाटलं, सुटलो. पण डॉक्टर नम्रतांनी मला बाजूला घेतलं. "फुप्फुसं सुधारली आहेत. मशीनचा आधार कमी करून त्यांनी अर्धा तास स्वतः श्वास घेतला की नळी काढू. पण आधार कमी केला की ते घाबरतात, धडपडतात. आजही जमलं नाही, तर गळ्याला छेद देऊन तिथून नळी घालावी लागेल. मग बरेच दिवस बोलता येणार नाही." मी शहाण्यासारखी मान हलवली. न बोलणारे तात्या मला नको होते.

त्यात त्यांचे हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधलेले. "जवळ गेलं की बोटं धरून ओढतात हो," शर्मिला सिस्टर म्हणाल्या. "नळी उपटतील अशी भीती वाटते." मीही हात दिला होता. त्यांनी तो गच्च दाबला, पुन्हा पुन्हा दाबला. मी आपली "शांत व्हा, शांत व्हा" करत बसले. शेवटी त्यांनी डोळे वटारून तोंड फिरवलं. वटारण्याइतकी ताकद आहे, एवढंच काय ते समाधान.

भेटीच्या वेळी आत एकच माणूस, असा नियम. काकांनी दारावरच्या शिपायाला गुळाच्या भावाबद्दल इतकं ऐकवलं, की त्याने कंटाळून आम्हा दोघांनाही आत सोडलं.

काकांनी तात्यांचा हात हातात घेतला आणि दचकले. मग चादर ओढून दोघांचे हात झाकले आणि हसायलाच लागले. आयसीयूत!

"अगं, ह्यो पाच म्हणतोय! कशाचे पाच?"

डॉक्टर नम्रता पलंगापाशी आल्या. "मी सकाळी त्यांना तीस मिनिटं म्हटलं होतं."

"मग बरोबर हाय की! तुम्ही तीस सांगितली, ह्यानं पाच लावली. आन् तुम्ही काय केलंत? गिऱ्हाइकाचे हात बांधलेत!"

सिस्टरांनी हसत पट्टे सोडले. डॉक्टरही काही कमी नव्हत्या. "पाच परवडत नाही म्हणावं. पंचवीसच्या खाली मी उतरणार नाही." चादर बराच वेळ हलत राहिली. तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, काकांनी मान झटकली, पुन्हा बोटं दाबली गेली. अखेर पाच वेळा पंजा दाबून पंचवीसवर हात सुटला. आणि हात सुटला की सौदा पक्का. मग मागे फिरणं तात्यांनी जन्मात केलेलं नाही.

मशीनचा आधार कमी केला. तात्यांना घाम फुटला, छाती वरखाली व्हायला लागली. पण नजर समोरच्या घड्याळावर. माझा जीव टांगणीला लागला होता. शेजारी काका गप्प होते. पुरावा मिळाला.

"झाली पंचवीस!" डॉक्टर म्हणाल्या. तात्यांनी हात उचलून पंजा दाखवला.

"वर पाच देतोय," काका म्हणाले. "गुळाची ढेप दिली, तरी वर खडा दिल्याशिवाय ह्याला चैन नाही."

त्या संध्याकाळी नळी निघाली. काकांनी सगळ्या आयसीयूत गुळाच्या वड्या वाटत गोंधळ घातला, म्हणून डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढलं होतं. मी तात्यांपाशी बसले. त्यांनी माझा हात ओढला, चादरीखाली घेतला आणि माझी पाचही बोटं दाबली. झाकल्या हातांत माझा हात पहिल्यांदाच.

मी रडत होते, पण डोकं आकड्यात. "पाच? पाच दिवसांत घरी जायचं? तात्या, कशाचे पाच?"

घोगऱ्या, फाटक्या आवाजात तात्या म्हणाले, "वेडी. भाव नाही हा. हात धरलाय नुसता."