वरच्या मजल्याची किल्ली

ट्राउडल काइंत्सचा जन्म जर्मनीतल्या पासाउतला, इल्त्सश्टाट पेठेच्या गल्लीतला. आमच्या गावात तीन नद्या मिळतात आणि चिडल्या की आधी याच गल्लीत शिरतात. ट्राउडलचं खाली बटणांचं दुकान, वर घर. पाणी वाढलं की बटणांचे खण वर न्यायचे आणि ओसरलं की चिखल खरवडायचा, यात तिची कंबर गेली. लग्नानंतर व्हेनिसला जायचं होतं, पूर आला. बहिणीकडे ग्रात्सला जायचं होतं, पुन्हा पूर. नवरा वारला तरी व्हेनिस राहिलंच. दर गुरुवारी चेंडू घरंगळवून नऊ लाकडी खुंट्या पाडायचा खेळ खेळायला जमणाऱ्या आम्ही तिघी मैत्रिणींनी मग डॅन्यूबवरून बुडापेस्टपर्यंत बोटीने जायचं ठरवलं. त्यातही दोनदा माशी शिंकली. एकदा पाणी फार म्हणून बोटी बंद, एकदा पाणीच नाही म्हणून.

त्यामुळे या जूनमध्ये आम्ही खरोखर बोटीच्या डेकवर येऊन बसलो, तरी ट्राउडल कठडा सोडेना.

"हलली का गं, इर्मी?" तिने मला विचारलं.

"अजून दोर बांधलेलेत, बाई. जरा दम धर," आमच्यातली तिसरी, रोझी म्हणाली.

तेवढ्यात कप्तानाने सांगितलं, नदी भराभर चढतेय, लवकरच वाहतूक बंद होईल, तेव्हा आपण आत्ताच निघतोय. रोझीने टाळ्या पिटल्या. "बघ! या वेळी पाणीच आपल्याला ढकलतंय."

ट्राउडलचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तिने पर्समधून किल्ली काढली.

"मी वरच्या दाराला कुलूप लावून आलेय."

परक्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण आमच्या गल्लीत वरच्या मजल्याचं दार कुणी लावत नाही. पाणी आलं की खालच्याने विचारायचंसुद्धा नाही, सरळ सामान वर न्यायचं. न शिकवताच अंगात भिनलेली ही रीत, आणि ती मोडली कुणी, तर ट्राउडलने. जन्मात पहिल्यांदा लांब निघाली, म्हणून चारचौघांसारखा गॅस बंद केला, नळ बंद केला आणि कुलूप घातलं. खाली तिच्या जुन्या दुकानात आता झोरान नावाचा चांभार होता. सगळी पुंजी शिलाईच्या मशिनांत घातलेला, आणि पूर कधीच न पाहिलेला.

त्याचाच फोन आला. एवढ्या मोठ्याने बोलत होता की आम्हालाही ऐकू आलं.

"काइंत्सबाई, पाणी येतंय म्हणून बंबवाले सांगून गेले! शेजारी मशिनं उचलून जिन्यात उभे आहेत, आणि वरचं दार बंद!"

"तोड ते!"

"लोखंडी आहे हो! तुटतंय कसलं!"

"मग सायकल काढ आणि धक्क्यावर ये. पळ!"

फोन ठेवून ट्राउडल धक्क्यावर उतरायच्या फळीकडे निघाली. मी तिची बाही धरली.

"उतरलीस तर बोट थांबणार नाही."

"माहितेय मला. त्याची मशिनं बुडवून मी बुडापेस्टला कशी जाऊ?"

मला रागच आला. तिचा, नदीचा, त्या मेल्या कुलपाचा. "उतर! आम्हीही उतरतो. मरेपर्यंत तिघी खुंट्याच पाडत बसू!"

ती थबकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात खलाशाने फळी ओढून घेतली. "बाई, मागे सरा."

दोर सुटले. धक्क्यावरून झोरान सायकल हाणत आला, कमरेचा चामडी एप्रन तसाच. बोट आणि दगडी काठ यांच्यात गढूळ पाणी रुंदावत चाललं होतं.

"इर्मी, तू टाक!" रोझी ओरडली, कारण गुरुवारी ट्राउडलचा चेंडू हमखास कडेच्या पन्हळीत जातो. ट्राउडलने ऐकलंच नाही. ती डेकवर फतकल मारून बसली, पायातला बूट काढला, किल्ली आत सारली, वर मोजा कोंबला, नाडी आवळली आणि उठली.

"झोरान, धर!"

बूट काठाच्या दगडावर आपटला, उडाला आणि पाण्याकडे घरंगळला. झोरानने त्यावर अंग झोकून दिलं. मग पालथ्या पालथ्याच त्याने बूट वर धरला.

"गुरुवारी एकदा तरी असा टाकला असतास," रोझी म्हणाली. हसलं कुणीच नाही.

बोट आमच्या गल्लीसमोरून गेली. खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या आणि माणसं खोकी घेऊन धावत होती. ट्राउडल एका पायात बूट घालून रडत होती. "जन्मात पहिल्यांदा पाणी चढतंय आणि माझे हात रिकामे आहेत गं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

जेवायला सूप आलं, ते तिच्यापुढे निवून गेलं. पुढच्या धरणातलं बोटींसाठीचं दार ओलांडल्यावर फोन वाजला.

"सगळं वर आलं, काइंत्सबाई. मशिनं तुमच्या पलंगावर ठेवलीत, माफ करा. पाववाल्याच्या पराती पण आल्यात."

"येऊ देत. किल्ली जपून ठेवलीस ना?"

"किल्ली बुटातच आहे. दार उघडं ठेवलंय, अजून कुणी आलं तर."

ट्राउडलने फोन ठेवला आणि ते गार सूप पुढ्यात ओढलं.