सानगडीची सुयावाली बाई

सुलोचनाबाई नर्स होऊन सानगडीच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा आपलं काम म्हणजे बाळंतपणं आणि लसी, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पण दर साली धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपला की दाराशी बायकांची रांग लागे. महिनाभर चिखलात वाकलेल्या त्या बायका. कुणाची कंबर धरलेली, कुणाचा गुडघा सुजलेला. गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटे, मग पोटात आग पडे आणि दुखणं जागच्या जागी.

१९७९ साली साकोलीच्या एका शिबिरात नागपूरच्या डॉक्टरांनी बारीक सुया टोचून एका म्हाताऱ्याची आखडलेली मान सैल केली. सुलोचनाबाई ते बघत होत्या. शिबिर उठलं तरी त्या हलेनात.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या.

"दर रविवारी नागपूरला यावं लागेल. वर्षभर."

"येईन."

आणि त्या गेल्या. एसटी चुकली तर हमरस्त्यावर ट्रक थांबवून गेल्या. शिकलेलं आधी स्वतःच्या अंगावर करून पाहायच्या. मधुकरराव, त्यांचे यजमान, शाळेत मास्तर होते. एकदा ते वैतागले.

"काहून आपलाच जीव खाऊन राहिली?"

"दुसऱ्याले टोचाच्या आधी मले समजलं पाह्यजे, कुठं किती खुपते ते."

पहिली आली गोदावरीबाई. उजवा खांदा दीड वर्षापासून जाम. भारा उचलणं तर सोडाच, स्वतःची वेणीही घालता येईना. रोज सुनेपुढे डोकं द्यावं लागे आणि तेच तिच्या मनाला जास्त लागत होतं. सुलोचनाबाईंनी सुया उकळल्या, खांद्याभोवती टोचल्या. दहा वेळा यायचं ठरलं.

सहाव्या खेपेला गोदावरीबाई म्हणाली, "काहीच फरक नाई जी. लोक हासून राहिले."

"हासू दे. चार खेपा बाकी आहेत. परवा ये."

बोलल्या खऱ्या, पण घरी येऊन त्यांनी नागपूरला शिकताना लिहिलेली वही उघडली. पानं उलटता उलटता डॉक्टरांनी सांगितलेलं एक वाक्य सापडलं. खांदा बऱ्याच दिवसांपासून धरला असेल तर नडगीजवळही सुई द्यावी आणि ती असतानाच हात हलवायला लावावा. हे आपण विसरलोच कसे, म्हणून त्या स्वतःवर चिडल्या.

सातव्या खेपेला त्यांनी पायाला सुई लावली.

"दुखते खांदा, न् टोचता पायाले?"

"हात वर कर. दुखलं तरी कर."

गोदावरीबाईनं दात-ओठ खात हात उचलला. तो कानापर्यंत गेला. दहाव्या खेपेला ती आली ती स्वतःच्या हातानं घातलेली वेणी घेऊन.

मग माणसं येऊ लागली. तुमसरच्या राइस मिलचे हमालही कंबर धरून येत. सगळ्यांनाच गुण आला असं नाही. लक्ष्मणरावांचा गुडघा आतून झिजला होता. पाच खेपांनंतर सुलोचनाबाईंनी त्यांना सरळ सांगितलं, "हे माह्या सुयांचं काम नाई. भंडाऱ्याले मोठ्या डॉक्टरले दाखवा." लक्ष्मणराव नाराज होऊन गेले. सुलोचनाबाईंनी मात्र कुणाला खोटी आशा लावली नाही.

१९८७ साली त्या निवृत्त झाल्या. त्याच आठवड्यात त्यांनी घराच्या ओसरीत एक खाट टाकली, स्टोव्ह पेटवला आणि सुया उकळायला ठेवल्या.