श्रेयनामावलीतला समुद्र

कियोए फुकामिझुचं अर्धं आयुष्य पाण्यात गेलं, पण तिला पोहता येत नव्हतं. मिताकातल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत तेवीस वर्षं ती संगणकावर पाणी बनवत आली होती: वळचणीचे थेंब, तुंबलेली गटारं, न्हाणीघरातली वाफ, आणि गेली तीन वर्षं नुसता समुद्र. चित्रपट एका बुडणाऱ्या बेटाचा होता. त्यात माणसं थोडी आणि पाणी फार. फुटलेल्या लाटेचा फेस वाळूवर किती वेळ टिकतो हे बघायला ती दर महिन्याला चोशीला, आईच्या घरी जायची आणि किनाऱ्यावर उकिडवी बसून राहायची. सॉफ्टवेअर लाट उठवून देतं. लाट मरते कशी, हे त्याला माहीत नसतं. कियोएला माहीत होतं.

तेत्सुजी हिरागा ती लागली त्याच आठवड्यात नोकरीला लागलेला. आता तो दृश्यपरिणामांचा प्रमुख होता, तिच्यावरचा. चोशीच्या घरात त्याला सगळे तेत्सुच म्हणत. तिचे वडील होते तेव्हा त्यांनी त्याला होडीतून नेलं होतं, आणि ओकारी होऊन तो परतला तेव्हा आईनं त्याच्यासमोर भाजलेल्या तारल्या ठेवल्या होत्या. त्याच अंगणात, गेल्या शरद ऋतूत, तो म्हणाला होता, "या खेपेला श्रेयनामावलीत समुद्राची ओळ वेगळी ठेवायची. पडद्यावर तू एकटी. गर्दीत नाही."

आईनं ते ऐकलं. एक्याऐंशी वर्षांच्या त्या बाईनं आठवड्याभरात सगळ्या गल्लीला सांगितलं.

त्यांच्या धंद्यात नावांची यादी विभागप्रमुख करतो, पण स्वतःचं नाव लिहीत नाही. ते वरच्यानं लिहायचं. आपलं आपण लिहिणं म्हणजे पंगतीत स्वतःच्या ताटात आधी वाढून घेण्यासारखं. कियोएनं आपल्या चौतीस माणसांची नावं तीनदा तपासली, खाली सहीचा शिक्का मारला आणि कागद हिरागाकडे दिला.

पहिला खेळ फक्त काम करणाऱ्यांसाठी असतो. शेवटचं नाव जाईपर्यंत कुणी उठत नाही, खोकतसुद्धा नाही. काळ्या पडद्यावर अक्षरं वर सरकत होती. मग ती थांबली. 'समुद्र.' आणि खाली, एकटं: 'तेत्सुजी हिरागा.'

कियोएला वाटलं, पुढे येईल. तिची चौतीस माणसं आली आणि गेली. मग संगीत, मग जेवण पुरवणारे, मग दिवे लागले.

शेजारी पार्श्वचित्रं रंगवणारी म्हातारी सेकिने होती. तिच्या जिभेला स्टुडिओ घाबरायचा. "काय गं," ती म्हणाली, "तू मेलीस की काय? मला कुणी कळवलं नाही ते."

हिरागा बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी सापडला.

"वितरकांना तिथे ओळखीचं नाव हवं होतं," तिनं काही विचारायच्या आतच तो म्हणाला. "मी खूप सांगून पाहिलं, कियोए."

"मला नाही सांगितलंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि माझं नाव?"

"खाली तुझ्या माणसांत असेल असं मी धरून चाललो. यादी तूच केलीस ना? शिक्का तुझा आहे."

"स्वतःचं नाव कोण लिहितं, तेत्सु?"

"तेच तर," तो म्हणाला. त्यानं कॉफीचा डबा उघडला आणि घोट घेतला. "आता प्रती गेल्या सगळीकडे."

त्या 'तेच तर'मध्ये ती किती तरी दिवस अडकून पडली. त्याला ठाऊक होतं की ती लिहिणार नाही. तेवीस वर्षांत त्यानं तिच्याबद्दल जे जे शिकून घेतलं होतं, त्यातलं नेमकं हेच त्यानं वापरलं.

आईला फोन करायचं तिच्यानं झालं नाही. चित्रपट लागला त्या पहिल्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती थेट चोशीच्या चित्रपटगृहात गेली. आई पाचव्या रांगेत बसली होती, नवी चादर पांघरल्यासारखा शालीचा घोळ घेऊन. तिच्या एका बाजूला गल्लीतल्या तीन बायका होत्या, दुसऱ्या बाजूची खुर्ची लेकीसाठी धरलेली.

ती ओळ आली तशी आईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"अगं, आपला तेत्सु! एकटाच! बघ गं, ओसुमी, हाच तो होडीत ओकलेला!" तिनं चक्क टाळ्या वाजवल्या. बायकांनीही वाजवल्या. नावं संपली. दिवे लागले. आई डोळे बारीक करून पडद्याकडे बघतच राहिली.

"तुझं निसटलं वाटतं," ती हळूच म्हणाली. "माझे डोळे आता हे असे."

"भरभर जातं ते," कियोए म्हणाली.

निघताना आईनं वाळवलेल्या तारल्यांचा पुडा दिला. तुला नाही, तेत्सुला, म्हणाली.

सोमवारी कियोएनं तो पुडा हिरागाच्या टेबलावर ठेवला. "आईनं दिलाय. तुझं नाव बघून टाळ्या वाजवल्या तिनं."

त्यानं पुडा दोन्ही हातांनी उचलून कपाळापर्यंत नेला. "बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं तिला स्पष्ट दिसलं. "मला वाटलं होतं, तू त्यांना सांगशील."

ती जागेवर जाऊन बसली. पुढच्या चित्रपटात नदी होती. विभागाच्या यादीचा कोरा कागद समोर आलेलाच होता. पहिल्या ओळीत तिनं स्वतःचं नाव लिहिलं. पलीकडच्या टेबलावरच्यानं ते पाहिलं आणि नजर वळवली. तिचे कान तापले. चोरी आपणच करतोय असं तिला वाटत होतं, आणि असं वाटायला लावल्याबद्दल ती हिरागाला क्षमा करणार नव्हती. तिनं शिक्का काढला आणि दाबून मारला.