निंबाचा माइक आणि तेरा नंबरवाला

निंबा माझा सख्खा धाकटा भाऊ. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पाचोऱ्यात अजून कोणी कोणी त्याला आमच्या चुलत्याचा पोरगा समजतात. तसं नाही. एका आईचं दूध प्यालेलो आम्ही. जळगावपासून धुळ्यापर्यंत त्याच्यासारखा बोलणारा माणूस झाला नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा.

दहावीला इंग्रजीत तीनदा नापास. तरी चौऱ्याण्णव साली अख्खी आळी त्याच्या तोंडून इंग्रजी सिरियल बघायची.

आमच्या गच्चीवर डिशची जाळीची मोठी छत्री होती, तिच्याशेजारी पत्र्याच्या खोलीत मशीन, आणि तिथून वायरी साठ घरांत. आळीत केबल पहिल्यांदा आणली ती आम्हीच. चैत्रात एका परदेशी चॅनलवर रोज दुपारी चारला एक सिरियल लागायला लागली. कोळशाच्या खाणीचं गाव, विटांची काळपट घरं, सतत पाऊस, आणि चिखलात अंड्यासारखा चेंडू घेऊन एकमेकांवर तुटून पडणारी दांडगी माणसं. कॉलेजात शिकणारा रुपचंद म्हणाला, याला रग्बी लीग म्हणतात, एका बाजूला तेरा गडी असतात. बस, तेवढं निंबाला पुरलं. मूळ आवाज बारीक करून तो माइकवर अहिराणीत सांगायला बसला.

"देखा, खेळ सोपा शे. पळानं पुढे, पन हातवरी चेंडू देवाना मांगेच. पुढे दिधा का गया. सहा डाव पडनात, का चेंडू दुसरासले देई टाकाना."

चार दिवसांत आळी वेडी झाली. कापसाच्या जिनिंगवरून सुटलेले बापे पोत्यात सरकी भरून तिचा चेंडू करायचे आणि मैदानात एकमेकांना आडवे करायचे. निंबानं सिरियलमधल्या सगळ्यांची बारशी केली. मास्तराला नाव दिलं नाना, उंच गड्याला हिलाल. पण तेरा नंबरवाल्याला त्यानं नाव दिलं नाही. तो गडी घर सोडून आलेला होता. मधूनच त्याची बायको दाखवायचे, खिडकीत बसलेली. ते दिसलं की निंबा गप्प व्हायचा.

कारण तसंच एक माणूस आमच्याही घरचं होतं. आमची मोठी बहीण, बेबाअक्का. दोन गल्ल्या सोडून तिचं सासर. तिचा नवरा आधार सुरतेला कामाला गेला तो आलाच नाही. ना चिठ्ठी, ना निरोप. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारा वर्षं पुरी होत होती. बारा वर्षं झाली की बेपत्ता माणूस गेला असं धरायचं, आणि आखाजीला पितरांबरोबर त्याच्या नावानं पाण्याची घागर भरायची. अक्काचे सासरे पितांबर आबा, त्यांनी घागर आणूनसुद्धा ठेवली होती. घागर भरली की अक्काचं कुंकू जाणार होतं. अक्का म्हणायची, मी भरू देणार नाही.

चैत्र सरत आला. चार वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं, नुसता झळांचा लोळ वाहायचा. त्या वेळी आळीतून चालत गेलं तर प्रत्येक बंद दारामागून एकच आवाज यायचा, निंबाचा. त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं. एक दिवस त्यानं माइकवर मला बसवलं आणि बिडी आणायला खाली उतरला. मी नुसता "हिलाल पळना, हिलाल पडना" एवढंच म्हणत होतो. तो अर्ध्या वाटेतनं परत आला, घामाघूम.

"भाऊ, तू सोडून अजून कोन बोली ऱ्हायना व्हता?"

"कोण बोलणार? मी एकटाच आहे."

"मना सवताना आवाज येत व्हता. घरघरमातून." 

मी हसलो. म्हटलं, ऊन लागलंय तुला. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सिरियलमध्ये तेरा नंबरवाला टेलिफोनच्या लाल खोक्यात उभा होता. बाहेर पाऊस. तो काहीतरी बोलत होता, पलीकडे त्याची बायको ऐकत होती. निंबानं माइक तोंडाशी धरला, आणि तोंडातून आलं:

"बेबा, तुनी लाकडी फनी मनाजवळ शे."

आल्यावर तोच दचकला. हे वाक्य त्यानं जुळवलं नव्हतं. जीभ आपली आपण हलली होती. त्यानं घाईघाईनं दुसरंच काही सांगून तो भाग संपवला.

पाच मिनिटांत अक्का जिना चढून आली. पायात चप्पल नाही. त्या उन्हात!

"निंबा, फनीनं तुले कोनी सांगं?"

"कोनती फनी, अक्का?"

"तो गया त्या दिवशी मनी फनी गयी. दोन दात तुटेल. मी सासूवर आळ लिधा, मनातल्या मनात. तोंडवरी आजपावत कोनले बोलनू नही. तुले कोनी सांगं?"

 निंबा म्हणाला, "माले म्हाईत नही, अक्का. मी बोलनूच नही ते."

अक्का खाली बसली, पदरानं तळपाय पुसले. मग म्हणाली, "इतलंच कर. तो जे बोलीन ते सांग. पदरनं काही जोडू नको, काही गाळू नको."

आता माइकची निंबाला भीती वाटायला लागली. पण सांगायचं थांबवलं नाही त्यानं. छाती पाहिजे त्याला! दुसरा असता तर छत्री विकून धुळ्याला पळाला असता.

आखाजीच्या आदल्या दिवशी, साडेतीनच्या सुमारास, पितांबर आबा काठी टेकत वर आले. दारातच उभे राहिले.

"निंबा, आज तो तेरा नंबरवाला मरी जावाले पाहिजे."

"आबा, ते सिरियलवाल्यासना हातमा शे."

"तुना तोंडमा शे. बेबा मनं ऐकत नही. तुनं ऐकस."

"अक्कासंगे खोटं बोलू?"

आबा उंबरा ओलांडून आत आले. "मना पोऱ्या मरेल व्हई, त बारा वरीसपासून पानीबिगर शे. सगळासना बापले पानी भेटस, मना पोऱ्याले नही. माले काय गंमत वाटस का रे?"

 आबा कोपऱ्यातल्या डब्यावर बसून राहिले.

चारला सिरियल लागली. मोठा सामना होता. पाऊस, चिखल, माणसांची गर्दी. निंबा सांगत होता, पण आवाजात जीव नव्हता. सहावा डाव. तेरा नंबरवाला चेंडू छातीशी धरून पळाला. मागं बघितलं, द्यायला कोणीच नव्हतं. तिघांनी त्याला एकदम उचलून आपटला. बाकीचे उठले. तो उठला नाही. चिखलात तोंड घालून पडलेला. मग खिडकीतली बायको दाखवली. मग पुन्हा तो.

आळी श्वास रोखून होती. आबांनी काठीनं फरशीवर टकटक केलं, बोल.

 निंबानं तांब्या उचलला, घोट घेतला, आणि तसाच माइकसमोर थांबला. गाल फुगलेले, घोट गिळलेलाही नाही. मी हातभर अंतरावर होतो. डोळ्यांनी बघितलंय.

तेवढ्यात समोरच्या टीव्हीतून आवाज आला. निंबाचाच, पण थकलेला, लांबून चालत आल्यासारखा.

"बेबा, पानी दे."

निंबाच्या तोंडातलं पाणी मशीनवर उडालं. चित्र गेलं. आळीभर एकाच वेळी शांतता पडली. साठ घरांनी ते ऐकलं होतं.

आम्ही तिघं अक्काकडे गेलो. अक्का बंद टीव्हीसमोर बसलेली होती. आबा तिथंच ओट्यावर टेकले.

"सरनं, बेबा. पानी मांगं त्यानी. मरेल मानूसच पानी मांगस."

अक्का म्हणाली, "आबा, तुम्ही दिनमा कितला डाव पानी मांगतस? तुम्ही मरेल शेतस का?"

 मग तिनं उठून ती नवी घागर घेतली, धुतली आणि काठोकाठ भरली. आबांना वाटलं मानली. त्यांनी आत देवापाशी पाट मांडला. पण अक्कानं घागर आत नेली नाही. बाहेर उंबऱ्याच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला ठेवली. वर तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, शेजारी पेला.

"हाई पितरनी घागर नही," ती म्हणाली. "वाटवरना मानूसले ठेयेल शे. तो वाटवर व्हई त पी लेई. मरेल व्हई त पानी तसंच ऱ्हाई. तसं ऱ्हायनं त सकाळले तुम्हना मनसारखं करा, आबा. मी आड येवाव नही."

निंबा म्हणाला, "अक्का, एखादी गाय पी जाई."

"गाय पेलावरी पेस का रे?" अक्का म्हणाली. तशातही निंबाला हसू फुटलं.

त्या रात्री निंबा माझ्या शेजारी गच्चीवर झोपला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण मागाहून लोकांनी त्याच्यावर आळ घेतला. तो जागचा हलला नाही. माझा हात धरून होता, लहानपणी धरायचा तसा.

सकाळी आखाजी. उजाडताच आम्ही दोघं खाली उतरून अक्काकडे गेलो. आबा अंघोळ करून, ओल्या धोतरानं दारात उभे होते. हातात गोवरीचा निखारा, त्यावर पितरांच्या नावाचा घास, आगारी, टाकायची म्हणून. पण ते पुढं सरकत नव्हते.

घागर निम्मी झाली होती. डांगर उचलून नीट बाजूला ठेवलेलं. पेला ओला. आणि घागरीच्या काठावर आडवी ठेवलेली एक लाकडी फणी, काळी पडलेली, दोन दात तुटलेली.

आबांच्या हातातला निखारा विझत आला.  रस्ता दोन्हीकडं मोकळा होता.

अक्का बाहेर आली. फणी उचलून तिनं पदराला पुसली. मग आळीच्या देखत ओट्यावर बसली, अंबाडा सोडला, त्या फणीनं सावकाश केस विंचरले, भांग पाडला, आणि आतून करंडा मागवून कपाळभर कुंकू लावलं.