रंगाकडच्या जागेवर कोण आहे

सकाळचे पाच वाजून त्रेपन्न मिनिटं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका डाईंगमध्ये, टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या टाक्यांशेजारी चंद्रिका हत्तुरे मांडीवर लॅपटॉप घेऊन स्टुलावर बसली होती. लॅपटॉपला लावलेली जाड सिरियल केबल भिंतीतून ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरपर्यंत गेली होती. सहाला तो सर्व्हर विचारणार होता, रंगाकडच्या जागेवर कोण आहे?

चंद्रिका चौतीस वर्षांची. सात रस्त्याला तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. डाईंगचं काम तिच्याकडे आलं, कारण या जागेवर आधी तिचा थोरला भाऊ विरेश बसायचा. दोन वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला.

कुठल्या छटेला कोणता रंग किती, वाफ किती वेळ, हे सगळं त्या सर्व्हरमध्ये आहे. सहाला तो नाव विचारतो, टाक्यांजवळच्या टर्मिनलवरून, म्हणजे पडदा आणि कीबोर्डच्या जुन्या यंत्रावरून, नाव गेलं की टाक्यांना वाफ सुटते. वाफ सुटताना टाकीपाशी माणूस असावा, एवढाच त्यामागचा हेतू. विरेशला सकाळी उठवत नसे. जुन्या टर्मिनलमध्ये एक सोय त्याला सापडली : नाव एकदा साठवून ठेवलं की विचारल्यावर यंत्र स्वतःच ते पाठवून देतं. विरेश साडेसहाला डोळे चोळत यायचा, तोवर ऑफिसच्या प्रिंटरवर त्याची हजेरी छापलेली असायची.

तो गेल्यावरही ती छापली जातच राहिली. ही जागा म्हणजे विरेश, एवढंच सर्व्हरला माहीत. ते बदलण्याचा पासवर्ड त्याने कुणाला सांगितला नव्हता. प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी कधीच बंद पडली होती. काम अडत नव्हतं, म्हणून कुणी हात लावला नाही.

गेल्या महिन्यात टर्मिनलची काच गेली. पडदा काळा झाला, पण आतलं यंत्र जिवंत होतं. दुसऱ्या दिवशी सहाला प्रिंटर पुन्हा वाजला. विरेश हजर.

तेव्हापासून पाळीवरची माणसं त्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागली. कुणीतरी काळ्या पडद्यासमोर उदबत्ती लावायला लागलं. कोण, ते कुणी सांगेना. पाळीचा मुकादम शहाजी मोठ्याने थट्टा करायचा, पण टेबलाजवळ तोही जात नसे.

ही गोष्ट होटगी गावात चंद्रिकाच्या आईच्या, गंगम्माच्या कानावर गेली. गंगम्मा दुकानात आली आणि उभ्यानेच बोलली, "आपल्या लिंगायताच्या रीतीनं बसवून माती दिली त्याला. आन् तुमी रोज सकाळी उठवताव?"

"मशीन हाय ते, अव्वा."

"मशीन असू दे, न्हायतर काय बी असू दे. त्याला ओ द्यायला लावू नका."

चंद्रिकाने हो म्हटलं. मालकांनी तिला जुनं टर्मिनल काढून पीसी बसवायला सांगितलंच होतं. पीसीला जुन्या टर्मिनलचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर तेवढं निवडायचं होतं.

पहिलं ऑफिसातल्या पीसीवर आधीपासून होतं. ते नेटवर्कवरून सर्व्हरला छान जोडलं जाई, पण त्याला सिरियल केबल चालत नव्हती आणि टाक्यांच्या वाफेत नेटवर्कची वायर टिकत नव्हती. दुसऱ्याला दोन्ही चालत. आज लॅपटॉपवर तेच उघडं होतं, आणि आपोआप जाणाऱ्या उत्तराच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव भरलं होतं.

सहा वाजले. पडद्यावर ओळ उमटली : नाव अमान्य. मिनिटभराने सर्व्हरने पुन्हा विचारलं. तिने रकाना रिकामा केला, तर रिकामंच उत्तर आपोआप गेलं. पुन्हा प्रश्न. लॅपटॉप टिंग करून वाजला, मग पुन्हा वाजला. टाक्या गार होत्या. पाळीवरची माणसं भिंतीला टेकून बघत होती.

"तुजं नाव न्हाय घेत त्यो," शहाजी लांबूनच म्हणाला.

"दिसतंय की, शहाजीमामा."

"जित्ता असताना कदी सहाला आला न्हाय गडी. आता लई टायमाला येतोय." कुणी हसलं नाही. शहाजीचा आवाज उतरला. "टाक बाई त्याचंच. आजचा रोज बुडंल समद्यांचा."

या सॉफ्टवेअरमध्ये विरेशचं नाव भरलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. उद्यापासून रिकाम्या खुर्चीतून पुन्हा तो हजर झाला असता. चंद्रिकाने ते बंद केलं आणि तिसरं उघडलं. त्यालाही केबल आणि नेटवर्क दोन्ही चालत, शिवाय आपोआप उत्तर देणं त्यात पूर्ण बंद करता येई आणि हवा तो मजकूर एखाद्या बटणावर बसवता येई. तिने भावाचं नाव एका बटणावर बसवलं. सर्व्हरने पुन्हा विचारलं. तिने बोट ठेवलं, थांबली, मग दाबलं.

ऑफिसात प्रिंटर वाजला. टाकीत वाफ शिरल्याचा आवाज आला. माणसं कामाला लागली. टेबलाला वळसा मात्र आजही पडला.

दुपारी ती होटगीला गेली. गंगम्मा ज्वारी निवडत होती.

"आता आपोआप न्हाय जात, अव्वा. कुणीतरी दाबावं लागतंय."

"नाव?"

"त्याचंच. दुसरं घेतच न्हाय ते."

गंगम्माने ज्वारीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"दाबणार कोण?"

"मुकादम दाबतील. न्हायतर पाळीवरचं कुणी बी."

"न्हाय," गंगम्मा म्हणाली. "परक्यानं न्हाय. त्याच्या जागी ओ द्यायची तर तू दे. खुर्चीत बसून दे. आन् वाफ बंद होस्तोवर उटू नको."

पहिला लॉट उतरून वाफ बंद व्हायला दहा वाजतात. संध्याकाळी चंद्रिकाने दुकानाच्या शटरवर नवी पाटी चिकटवली. उद्यापासून दुकान साडेदहाला उघडेल.