वस्तरा खाली ठेवायचा दिवस

आमच्या मामाचं सलून म्हणजे दोन आरसे, एक खुर्ची आणि स्वतः मामा. त्याचा हात इतका हलका, की दाढी होता होता गिऱ्हाईक घोरायला लागायचं. मामा माझ्या आईचा भाऊ म्हणून कौतुक करतेय असं समजू नका, त्याचं घोरणारं गिऱ्हाईक मी स्वतः हलवून जागं केलंय.

पण या हलक्या हातामागे एक धास्ती होती. आजोबांचंही हेच काम. म्हातारपणी हात थरथरायला लागला तरी पोटासाठी ते उभेच राहिले. एक दिवस जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. तो माणूस चिडला नाही, नुसता पुन्हा आला नाही. मग एकेक करत सगळेच पांगले. शेजारी उभ्या असलेल्या मामाने ते पाहिलं होतं.

"माझा वस्तरा मीच खाली ठेवणार," तो म्हणायचा, "लोकांनी ठेवायला लावायच्या आत."

त्यासाठी पेन्शन हवी, आणि सलूनवाल्याला ती कोण देतंय? आपली आपणच लावायची. लोक माहितीपत्रकं वाचतात, मामाने दाढीचे खुंट वाचले. निवृत्त माणूस महिनाअखेरीला किती दिवसांची दाढी वाढवून येतो, तेवढं तो बघायचा. एका साहेबांनी निवृत्तीची सगळी रक्कम एकदम उचलली होती. पहिल्या वर्षी ते रोज यायचे, तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी. मास्तरांची पेन्शन तुटपुंजी, पण मरेपर्यंतची. ते दोन दिवसांआड यायचे ते यायचेच, अगदी तीस तारखेलासुद्धा.

"आपल्याला मास्तरांसारखी," मामाने मामीला सांगितलं. "आणि माझ्यामागे तुला चालू राहील अशी."

पेन्शनचे कागद करणारा एजंट गिऱ्हाईकच होता. त्याला खुर्चीत बसवून, फेस लावून मामाने बोलणी तिथेच उरकली. शेवटचं विचारलं, "मध्ये नड आली तर पैसे काढता येतात ना?" एजंट गप्प. 'कल्ले ठेवू ना?' म्हटल्यावर गिऱ्हाईक गप्प बसलं की हो समजायचं, हा सलूनचा रिवाज. मामाने सही ठोकली.

पुढे बारा वर्षांनी समोर काचेच्या दाराचं, थंडगार सलून उघडलं. मामाचं निम्मं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. नव्या खुर्च्या घ्यायच्या म्हणून मामा पैसे काढायला गेला, तर एजंट म्हणाला, "साठीपर्यंत निघत नाहीत."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मामा, गळ्यावर वस्तरा होता! मान हलवली असती तर आज बोलायला उरलो असतो का?"

मामा आठवडाभर धुमसत होता. मग त्याने जुन्याच खुर्चीची फाटकी गादी स्वतः शिवली, दुकान तासभर आधी उघडायला लागला, बाहेरचा चहा सोडला. हप्ता मात्र एकही चुकवला नाही. मला मामा खरा कळला तो त्या वर्षी.

साठीला पेन्शन सुरू झाली. तरी हौसेने तो दुकान उघडायचा. परवा मी तिथेच होते. खुर्चीत तोच एजंट, एक गाल झालेला, डोळे मिटलेले. मामाचा हात केसभर थरथरला. काही लागलं नाही. एजंटला कळलंही नाही. मामाने वस्तरा पुसला, मिटला आणि खाली ठेवला.

"साहेब, आजपासून बंद."

"अहो, काय झालं?"

"काही झालं नाही. म्हणूनच."

"अर्धी दाढी राहिलीय माझी!"

मामाने त्याला गळ्यातल्या टॉवेलसकट उठवलं आणि हाताला धरून रस्ता ओलांडला. मी मागोमाग. वाटेत म्हणाला, "त्या दिवशी मान हलवली नाहीत, बरं केलंत."

काचेचं दार त्याने पहिल्यांदाच ढकललं. आतल्या कारागिराला म्हणाला, "यांच्या डाव्या गालाला केस उलटे आहेत. सांभाळून कर."